‘द लेडी इव्ह’: फसवणूक तिची, क्षमा कोणाची?

प्रेमावरच्या विनोदी चित्रपटांत खोटे बोलणे इतके सर्रास चालते की त्याकडे आपले लक्षही जात नाही. नायक श्रीमंत असल्याचे भासवतो, किंवा श्रीमंत असून गरीब असल्याचे सोंग आणतो. नायिका भलत्याच नावाने वावरते. कोणी वेषांतर करतो, कोणी खोटे नाते सांगतो. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत सगळे उघडकीस येते, फसलेली व्यक्ती थोडा वेळ रुसते आणि मग सगळे गोड होते. प्रेक्षक लग्नाची वाट पाहत बसलेला असल्यामुळे मधली पायरी, म्हणजे क्षमा, घाईने उरकली जाते. क्षमा करताना नेमके काय सोडून द्यावे लागते, आणि ज्या व्यक्तीवर प्रेम केले तीच खोटी निघाली तर मागे उरलेले प्रेम कोणावरचे असते, हे प्रश्न विचारण्याची बहुतेक चित्रपटांना गरज वाटत नाही.

१९४१ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द लेडी इव्ह’ हा चित्रपट मात्र जवळजवळ संपूर्णपणे याच प्रश्नांवर उभा आहे, आणि तरीही तो क्षणभरही गंभीर चेहरा करत नाही. पॅरामाउंट कंपनीसाठी प्रेस्टन स्टर्जेस यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला; मूळ कथा मंक्टन हॉफ यांची होती आणि तिला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. बार्बरा स्टॅनविक आणि हेन्री फोंडा ही प्रमुख जोडी आहे. बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरातली आम्ही काही मराठी मंडळी अधूनमधून एकत्र बसून जुने चित्रपट पाहतो, त्यात हा चित्रपट लागला तेव्हा सगळे पोट धरून हसले आणि नंतर बराच वेळ भांडले. भांडणाचा विषय एकच होता: शेवटी नेमकी कोणी कोणाला क्षमा केली? पहिल्यांदा पाहताना हे सहज ध्यानात येत नाही, म्हणून कथेच्या क्रमानेच ते उलगडून पाहू. शेवटही सांगावा लागणार आहे, याची चित्रपट न पाहिलेल्यांनी नोंद घ्यावी.

चार्ल्स पाइक हा मद्य बनवणाऱ्या एका गडगंज कारखानदाराचा मुलगा. त्याला वडिलांच्या धंद्यात रस नाही. तो सापांचा अभ्यासक आहे आणि ॲमेझॉनच्या जंगलात वर्षभर राहून परत निघाला आहे. ‘सदर्न क्वीन’ नावाच्या प्रवासी जहाजावर तो चढत असताना वरच्या कठड्यावरून एक तरुणी त्याच्या टोपीवर खाल्लेले सफरचंद टाकते. ही जीन हॅरिंग्टन. ती, तिचे वडील ‘कर्नल’ आणि त्यांचा साथीदार जेराल्ड हे तिघे पत्त्यांत हातचलाखी करून श्रीमंत प्रवाशांना लुबाडण्याचा व्यवसाय करतात. साप, सफरचंद आणि पुढे येणारे इव्ह हे नाव यांवरून पाश्चात्त्य प्रेक्षकाला लगेच बायबलमधली आदाम आणि हव्वा यांची गोष्ट आठवते: सापाच्या बोलण्याला भुलून हव्वा निषिद्ध फळ खाते, आदामाला खायला देते आणि दोघांना नंदनवनातून बाहेर काढले जाते. स्टर्जेस यांनी या गोष्टीचा खोडकर उपयोग केला आहे. इथे साप पाळणारा पुरुष आहे आणि सापाला पाहून किंचाळत पळणारी हव्वा आहे. पुढे चित्रपटभर चार्ल्स सारखा कोसळत राहतो, कधी पायात पाय अडकून, कधी सोफ्यावरून, कधी चिखलात. त्या जुन्या गोष्टीतले पतन इथे असे शब्दशः होते.

जहाजाच्या भोजनगृहातला प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे, कारण प्रेक्षक कोणाच्या बाजूचा आहे हे तिथेच ठरून जाते. चार्ल्स एकटा पुस्तक वाचत बसला आहे आणि जहाजावरच्या सगळ्या उपवर मुली त्याचे लक्ष वेधण्यासाठी धडपडत आहेत. जीन त्याच्याकडे पाठ करून बसली आहे आणि पावडरच्या डबीतल्या छोट्या आरशात हे सगळे पाहत त्याचे धावते वर्णन करत आहे: आता ती रुमाल पाडील, आता हा वर पाहील, आता तिची निराशा होईल. आपल्यालाही तेवढेच दिसते जेवढे त्या आरशात मावते. म्हणजे दिग्दर्शकाने आपले डोळे फसवणाऱ्या बाईच्या हवाली केले आहेत. पुढे चार्ल्स जवळून जाताना ती पाय आडवा घालते, तो तोंडावर आपटतो, आणि आपल्या चपलेची टाच मोडली म्हणून तीच उलट त्याला ओशाळवते. आपण हसतो, आणि हसताना तिच्या कटात सामील होतो. जिच्या लबाडीत आपण आधीच भागीदार झालो, तिला क्षमा करणे आपल्याला जड जात नाही. आणि हीच गोष्ट पुढे चार्ल्सच्या बाबतीत अडचणीची ठरते, कारण त्या आरशात काय दिसत होते ते त्याला कधीच पाहायला मिळालेले नसते.

मग अपेक्षेप्रमाणे जीन स्वतःच त्याच्या प्रेमात पडते. वडील पत्त्यांत हात मारू लागले की ती तितक्याच सफाईने त्यांचे डाव उधळून लावते, आणि समोर बसलेल्या चार्ल्सला बापलेकींमधल्या या लढाईची गंधवार्ताही नसते. एका रात्री तिची पाठ वळताच कर्नल त्याच्याकडून ३२,००० डॉलर जिंकतो; जीन संतापल्यावर सर्वांसमोर तो चेक फाडल्याचे नाटक करतो आणि खरा चेक हातचलाखीने स्वतःकडेच ठेवतो. याच सुमारास जीन चार्ल्सला एक गोष्ट सांगते, जी मला चित्रपटाचा कणा वाटते. तिचा आशय असा की तुला मुलींबद्दल फारसे कळत नाही. सर्वांत चांगल्या मुली तुला वाटतात तितक्या चांगल्या नसतात आणि वाईट मुली तुला वाटतात तितक्या वाईट नसतात. ही तिची अर्धीमुर्धी कबुलीच आहे. तो ती ऐकतो, पण त्याला तिचा अर्थ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी चार्ल्सचा अंगरक्षक मग्सी याच्या संशयावरून जहाजाच्या अधिकाऱ्याकडचे एक छायाचित्र चार्ल्सच्या हाती पडते, आणि ही त्रयी नावाजलेल्या ठगांची आहे हे सिद्ध होते. जीन सांगते की न्यूयॉर्कला पोहोचल्यावर मी हे सगळे तुला सांगणारच होते. प्रेक्षकाला ठाऊक आहे की हे खरे आहे. चार्ल्स मात्र आपल्याला हे आधीच कळले होते आणि आपणच तिला खेळवत होतो, असे भासवतो. हे साफ खोटे आहे. चित्रपटात तोवर खोटे पुष्कळ बोलले गेलेले असते, पण ते पोटासाठी, गमतीसाठी किंवा योग्य वेळेची वाट पाहताना बोललेले असते. समोरच्याच्या जिव्हारी लागावे एवढ्याच हेतूने बोललेले पहिले खोटे प्रामाणिक म्हणवणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे. जीनला दुखावते ते हेच. आपण पकडले गेलो याचे तिला वाईट वाटते खरे, पण त्याने कधी प्रेम केलेच नव्हते, असे त्याने तिला मानायला लावले, हा घाव खोल जातो.

एका छायाचित्रावरून प्रेमाचा बोऱ्या वाजणे मराठी नाट्यरसिकांना नवे नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९३ सालचे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे नाटक, ज्याचा संगीतावतार ‘संशयकल्लोळ’ म्हणून बडोदे दरबाराचा आश्रय लाभलेल्या गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणला, ते अशाच एका तसबिरीभोवती फिरते. मूळ बीज फ्रेंच नाटककार मोलियरचे, ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांपर्यंत आले. पण दोन्ही तसबिरींच्या कामगिरीत फरक आहे आणि तो ध्यानात घेतला तर ‘द लेडी इव्ह’चे वेगळेपण लवकर समजते. ‘संशयकल्लोळ’मध्ये तसबीर खोटे सांगते: अश्विनशेठची तसबीर आपल्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती पाहून फाल्गुनराव नाही नाही ते समजतो, आणि गैरसमज फिटला की नाटक संपते, क्षमेचे कामच पडत नाही. ज्याने गुन्हा केलाच नाही त्याला क्षमा कशाची करायची? इकडे तसबीर खरे सांगते. जीन खरोखरच ठग आहे. गैरसमज दूर करून इथे भागणार नाही. खरे कळल्यावरही प्रेम करता येते का, हे पाहावे लागणार आहे.

चित्रपटाचा उत्तरार्ध जीनच्या सूडाचा आहे. एका जुन्या ठगाच्या मदतीने, जो कनेक्टिकटमध्ये सर आल्फ्रेड या नावाने बड्या घरांत वावरतो, ती त्याची इंग्लंडहून आलेली भाची ‘लेडी इव्ह सिडविच’ बनून पाइकांच्या हवेलीत मेजवानीला हजर होते. वेषांतर म्हणावे असे ती काहीच करत नाही. केस तेच, चेहरा तोच. बदलतात ते फक्त उच्चार, पोशाख आणि तोरा. मग्सी तिला पाहताक्षणी ओळखतो आणि ही तीच बाई आहे म्हणून कानीकपाळी ओरडत राहतो. चार्ल्स मात्र शास्त्रज्ञाला शोभेल असे तर्कशास्त्र मांडतो: ही तीच असती तर तिने केस रंगवले असते, काहीतरी बदल केला असता, ज्या अर्थी दोघी इतक्या हुबेहूब सारख्या आहेत, त्या अर्थी त्या एक असूच शकत नाहीत. वर सर आल्फ्रेड त्याला एका बग्गीवाल्याची आणि घराण्याच्या कलंकाची खमंग कहाणी सांगून दोघी सावत्र बहिणी असल्याचे सूचित करतो, तेव्हा उरलीसुरली शंकाही मिटते.

या तर्कावर हसून पुढे जाता येते, पण त्यात एक बारीक निरीक्षण दडलेले आहे. चार्ल्सच्या मनात स्त्रियांचे दोनच कप्पे आहेत, एक शुद्ध आणि एक पतित. जीनला त्याने आधी पहिल्या कप्प्यात ठेवले, छायाचित्र पाहताच दुसऱ्यात टाकले. एकाच व्यक्तीत दोन्ही नांदू शकते ही शक्यता त्याच्या हिशेबात बसतच नाही, म्हणून समोर तोच चेहरा आला की त्याला दोन बायका कल्पाव्या लागतात. जीनने खोटे नाव घेतले हे खरे, पण फसवणुकीचे निम्मे काम चार्ल्सनेच करून ठेवले होते. पुढे तर गंमत अशी की लेडी इव्हला मागणी घालताना तो जवळजवळ तीच वाक्ये बोलतो जी त्याने जहाजावर जीनला ऐकवली होती, आणि त्या हळव्या क्षणी मागे उभा असलेला घोडा त्याच्या डोक्याशी लाडीगोडी करत असतो. घोड्यामुळे आपल्याला हसू फुटते आणि त्यामागची बोचरी गोष्ट नजरेआड होते: हा माणूस आपल्या मनातल्या एका मूर्तीशी बोलत होता, समोरची बाई कोणीही असली तरी भाषण तेच राहिले असते. फसवणारी बाई निदान समोरच्या माणसाकडे डोळे उघडे ठेवून पाहत होती.

लग्न होते, आणि मधुचंद्राच्या आगगाडीत चित्रपटातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग येतो. बाहेर वादळ सुटले आहे. नववधू सहज बोलता बोलता सांगते की आपण सोळाव्या वर्षी अँगस नावाच्या तबेल्यातल्या नोकराबरोबर पळून गेलो होतो. चार्ल्स हादरतो, डब्यात येरझाऱ्या घालतो, आणि मग छाती फुगवून क्षमेवर एक प्रवचन देतो: माणसाला पशूपासून वेगळे करते ती समजून घेण्याची आणि समजून घेऊन क्षमा करण्याची शक्ती, वगैरे. ती कौतुकाने ऐकते आणि दुसरे नाव सांगते. मग तिसरे. पुढची नावे इंजिनाच्या शिट्ट्या, विजांचा कडकडाट आणि चाकांचा खडखडाट यांतून आपल्यापर्यंत येतात, आणि अखेर चार्ल्स पायजम्यावर कोट चढवून मधल्याच एका स्थानकावर उतरतो आणि चिखलात सपशेल आडवा होतो. ही सारी नावे जीनने रचलेली आहेत. आधी जीनने खरा गुन्हा लपवला होता, आता ती खोट्या गुन्ह्यांची कबुली देते आहे. आणि तिच्या खऱ्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारा चार्ल्स या खोट्यावर मात्र चटकन विश्वास ठेवतो.

या प्रसंगानंतर आमच्या बैठकीत वादाला तोंड फुटले. विद्यापीठात शिकणारा आमचा एक भाचा म्हणाला, “आत्या, दोनदा फसवलं तिने त्याला. आता चिखलात पडला तर पडला, पण चूक तिचीच ना?” आत्यांचे सारे आयुष्य बडोद्यात गेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात गुजराती बाजारपेठ अधूनमधून डोकावते. त्या म्हणाल्या, “फसवलं रे, कोण नाही म्हणतंय? पण तो माफ कसा करत होता ते पाहिलंस का? पेढीवर बसून कुळाला कर्ज माफ करावं तसं. वही उघडी, लेखणी हातात, आणि पुढची रक्कम ऐकली की वही बंद.” त्यानंतर मी या प्रसंगावर काही लेखन वाचले, पण यापेक्षा नेमके वर्णन मला आढळले नाही. चार्ल्सच्या क्षमेत उपकाराची भाषा आहे. तो न्यायाधीशाच्या आसनावरून एक पायरीही खाली उतरत नाही. उलट क्षमा करता करता त्या आसनाची उंची वाढवत नेतो. त्याने क्षमा केली ती अँगस नावाच्या एका प्रकरणाला, आणि क्षमेची ही शिल्लक एकाच प्रकरणात संपली.

तत्त्वचिंतक हॅना आरेंट यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात क्षमेचा विचार केला आहे, तो इथे उपयोगी पडतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की माणसाने केलेली कृती परत घेता येत नाही, आणि तिच्या परिणामांत आपण कायमचे अडकून पडू नये म्हणून क्षमा ही एकच वाट आपल्याला उपलब्ध आहे. पुढचे काही निश्चित नसते, त्यावर जसा वचनाचा उपाय, तसा मागचे पुसता येत नाही, त्यावर क्षमेचा. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: जे केले गेले ते माफ होते, पण ते ज्याने केले त्या व्यक्तीखातर. कृत्यांची यादी तपासून, हे चालेल आणि ते चालणार नाही असे ठरवत गेलेल्याला क्षमा म्हणताच येत नाही, तो निवाडा झाला. आगगाडीत चार्ल्ससमोर यादीच ठेवली जाते, आणि यादीपलीकडची व्यक्ती त्याला दिसत नाही. जीनने त्याला लावलेल्या सापळ्याचे सौंदर्य यात आहे. आणि तो चिखलात पडलेला पाहताना तिच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद उमटत नाही, कारण तिने लावलेल्या परीक्षेत तो उत्तीर्ण व्हावा असे तिच्या मनात कुठेतरी असणार.

इथून पुढे कथा घटस्फोटाकडे वळते, आणि या प्रकारच्या चित्रपटांचा एक मोठा विशेष लक्षात येतो. अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हल यांनी १९८१ साली लिहिलेल्या ‘परस्यूट्स ऑफ हॅपिनेस’ या पुस्तकात १९३४ ते १९४९ या काळातले सात हॉलिवूड चित्रपट निवडून त्यांना ‘पुनर्विवाहाची सुखात्मिका’ असे नाव दिले. ‘द लेडी इव्ह’ हा त्या सातांपैकी एक. जुन्या सुखात्मिकेत दोन तरुण जीव एकमेकांवर प्रेम करतात आणि बाप, समाज, पैसा असे बाहेरचे अडथळे पार करून लग्नापर्यंत पोहोचतात. आपले ‘सौभद्र’ याच घडणीचे आहे: अर्जुन संन्याशाचे सोंग घेतो, कृष्ण पडद्यामागून सूत्रे हलवतो, पण फसवायचे असते ते बलरामाला, सुभद्रेचे अर्जुनावरचे प्रेम कधी पणाला लागत नाही. कॅव्हल यांच्या सात चित्रपटांत अडथळा त्या दोघांच्या आतच असतो. जोडी आधी जुळते, मग तुटते, आणि ती पुन्हा जुळेल का हा प्रश्न असतो. नायिकेचा बाप बहुधा तिच्या बाजूचा असतो आणि आई दृश्यात नसते, हेही त्यांनी टिपले आहे. कर्नल आणि जीन यांच्याकडे पाहिले की ते पटते. पहिले लग्न घडते ते आकर्षणातून किंवा भ्रमातून. दुसऱ्यांदा एकत्र येताना मात्र समोरची व्यक्ती कोण आहे हे ठाऊक असताना तिला निवडायचे असते. म्हणून क्षमा हा या प्रकारातल्या कथेचा शेवटचा उपचार राहत नाही, तिच्याशिवाय कथाच पुढे सरकत नाही.

अशा कथेला एक पूर्वअट लागते: विवाह मोडता येणे कायद्याने शक्य असले पाहिजे, नाहीतर पुन्हा एकत्र येण्यात निवड कुठली, तो नाइलाज होईल. बडोद्यात बसून हे लिहिताना एक योगायोग सांगावासा वाटतो. १९३१ साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने घटस्फोटासाठी लागणारी वास्तव्याची मुदत सहा आठवड्यांवर आणली, आणि तिथले रेनो शहर झटपट काडीमोडासाठी हॉलिवूडच्या विनोदांत जाऊन बसले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. देशभरातल्या हिंदूंसाठी तशी तरतूद यायला १९५५ सालचा हिंदू विवाह कायदा उजाडावा लागला. त्या काळी हा चित्रपट एखाद्या बडोदेकराने पाहिला असता, तर पाइकांचे वकील आणि पोटगीची बोलणी त्याला अगदीच परग्रहावरची वाटली नसती.

ही बोलणी सुरू असताना जीन जे करते त्याने भल्याभल्यांना चकवले आहे. मोठी रक्कम उकळण्याची सोन्यासारखी संधी समोर असताना ती पैसे नाकारते. तिची अट एवढीच की चार्ल्सने स्वतः तिच्याकडे येऊन सुटका मागावी. कर्नलला हे वेड वाटते, त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते आहेच. चार्ल्स भेटायला नकार देतो आणि पुन्हा एकदा समुद्रप्रवासाला निघतो. हे कळताच जीन त्याच जहाजावर जाते आणि पुन्हा पाय आडवा घालते. चार्ल्स पुन्हा कोसळतो, वर पाहतो, आणि समोर इव्ह नव्हे तर जीन आहे हे पाहून हरखून जातो. जहाजावरच्या त्या लबाड मुलीला तो किती मुकला होता हे त्याला इव्हशी झालेल्या दारुण लग्नामुळे कळलेले असते. दोघे धावतच तिच्या खोलीकडे जातात.

खोलीच्या दारातला तो संवाद फार थोडक्यात आटोपतो आणि म्हणूनच तो सुटा करून पाहायला हवा. चार्ल्स तिच्याकडे क्षमा मागतो. जीन म्हणते, खरा प्रश्न तू मला क्षमा करशील का हा आहे. तो गोंधळतो, कशासाठी? तिच्या लक्षात येते की याला अजूनही काही उमगलेले नाही. ती सांगू पाहते तर तो तिला थांबवतो: मला समजून घ्यायचे नाही, काही जाणून घ्यायचे नाही, जे असेल ते तुझ्यापाशी ठेव. मग त्याला आठवते की आपण या खोलीत असणे बरोबर नाही, कारण आपण विवाहित आहोत. आणि ती म्हणते, मीही आहे. दार बंद होते. त्या काळी हॉलिवूडवर ‘हेज कोड’ या नीतिनियमांची करडी नजर होती, १९३४ पासून ते सक्तीने लागू केले जात होते, आणि विवाहाचे पावित्र्य जपणे हा त्यांतला एक ठळक नियम होता. स्टर्जेस यांनी नियम तंतोतंत पाळला आहे: बंद दाराआडचे ते दोघे कायदेशीर पतिपत्नी आहेत, फक्त पतीला ते ठाऊक नाही.

आता आमच्या भांडणाकडे येऊ. एका गटाचे म्हणणे असे की ही क्षमाच नव्हे, कारण जे माहीतच नाही ते माफ कसे करणार? आगगाडीत चार्ल्सला खोटी यादी मिळाली होती, इथे त्याला खरी यादी ऐकायचीच नाही; दोन्ही वेळा तो सत्यापासून तितकाच दूर राहिला. या आक्षेपात तथ्य आहे आणि चित्रपटाने तो झाकलेलाही नाही. कर्नलने ठेवून घेतलेल्या चेकचा विचार केला तर तो आणखी धारदार होतो. प्रत्यक्ष आयुष्यात कोणी आपल्या जोडीदाराला, जे असेल ते तुझ्यापाशी ठेव, असे म्हणू लागला तर मी त्याला शहाणा म्हणणार नाही. ज्याने फसवले त्याने काय केले हे नीट सांगावे, एवढा हक्क फसलेल्याला असतोच.

तरीही मला दुसरी बाजू अधिक पटते, आणि तिची कारणे त्या दृश्यातच आहेत. एक तर चार्ल्सला सगळेच अज्ञात आहे असे नाही. समोर उभी असलेली मुलगी पत्त्यांत लबाडी करणारी आहे, त्या त्रयीतली आहे, हे छायाचित्रामुळे त्याला पक्के ठाऊक आहे. जो गुन्हा त्याला पूर्वी असह्य झाला होता, तो आता त्याच्या जमेस धरलेला आहे आणि तो तिच्या मागे धावत आहे. त्याला ठाऊक नाही ते फक्त इव्हचे प्रकरण. दुसरे असे की आगगाडीत, समजून घेऊन क्षमा करतो, असे मोठ्या तोंडाने म्हणणारा माणूस इथे समजून घेण्याचा दावाच सोडून देतो, आणि क्षमा करणाऱ्याच्या जागेवरून उठून मागणाऱ्याच्या जागेवर येतो. आत्यांच्या भाषेत सांगायचे तर वहीच बंद झाली, आणि या वेळी पुढची रक्कम ऐकण्याआधी. खऱ्या अर्थाने पूर्ण माहिती असून क्षमा करणारी व्यक्ती या चित्रपटात एकच आहे, आणि ती जीन आहे. चार्ल्सचे गर्विष्ठपण, त्याने छायाचित्राच्या वेळी बोललेले ते जिव्हारी लागणारे खोटे, त्याचे पाठ केलेले प्रेमभाषण, आगगाडीतले प्रवचन, हे सारे तिने पाहिले आहे, त्याबद्दल त्याला शिक्षाही दिली आहे, आणि तरी ती पाय आडवा घालायला आली आहे. तिच्या जहाजावरच्या त्या वाक्याची दुसरी बाजू चित्रपटात कोणी बोलून दाखवत नाही: चांगले पुरुषही त्यांना स्वतःला वाटतात तितके चांगले नसतात.

भाच्याला अजून एक शंका होती, दार उघडल्यावर उद्या सकाळी काय? ती सगळे सांगणार, मग हा पुन्हा पायजम्यावर निघणार. मला तसे वाटत नाही, निदान चित्रपटाने तसे वाटायला जागा ठेवलेली नाही. इव्ह ही दुसरी बाई नव्हतीच हे कळल्यावर चार्ल्सच्या हाती जे उरते ते असे: आपण ज्या दोन बायकांच्या प्रेमात पडलो त्या एकच होत्या, आपले लग्न तिच्याशीच झाले आहे, आणि अँगसपासूनची ती सगळी नावे खोटी होती. त्याचा अभिमान दुखावेल, पण ज्या गोष्टीमुळे तो गाडीतून उतरला ती मुळात घडलीच नव्हती. शिवाय खोलीबाहेर मग्सी आहेच. तो पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट ठामपणे सांगतो आहे, आणि दार बंद झाल्यावर त्यातून हळूच बाहेर निसटताना, ही नक्की तीच बाई आहे, असे तो पुन्हा एकदा म्हणतो. फरक एवढाच की आता हे ऐकून चार्ल्सची झोप उडण्याऐवजी त्याची एक मोठी काळजी मिटणार आहे.